ओल्या रेघेच्या वर

१

बुऱ्हाणपुरात, लोधीपुऱ्यातल्या त्या घरात खोल्या एकामागे एक होत्या. पुढे बैठक, मधे देवघराची खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर आणि अगदी शेवटी मोरी. शारदाबाई पूजेला बसल्या की बैठकीचं दार समोर दिसायचं आणि स्वयंपाकघर, मोरी, मागचं सगळं पाठीशी राहायचं. लग्न होऊन आल्यापासून त्या अशाच बसत आल्या होत्या. पाठीमागे काय चाललंय ते आवाजावरून कळायचं. दूध उतू चाललंय, मांजर शिरलंय, नळ गेलाय. वळून बघायची गरज कधी पडली नव्हती.

त्या सोमवारीही नळ येऊन गेला होता. शेजारच्या गल्लीत माग सुरू झाले होते, खटखट खटखट. त्यांचे यजमान सुधाकरराव बाहेर ओट्यावर पेपर घेऊन बसले होते आणि तृप्ती बैठकीतल्या आरशासमोर वेणी घालत होती. तृप्ती म्हणजे सुधाकररावांच्या मोठ्या भावाची, जसोंडीच्या कौतिकभाऊंची मुलगी. शाळेसाठी म्हणून शहरात आली ती इथलीच झाली. आता नर्सिंगला होती. शारदाबाईंना मूल नव्हतं. पण हे वाक्य त्या घरात बऱ्याच वर्षांत कोणी उच्चारलं नव्हतं, कारण तृप्ती होती.

शारदाबाईंनी नैवेद्याभोवती पाणी फिरवलं, डोळे मिटले, आणि त्यांच्या टाचांना गार लागलं.

मागून पाणी आलं होतं. फार नाही, नुसती ओल. फरशीवरून पातळ पसरत आलं, टाचांना लागलं आणि परत गेलं. जाताना बारीक आवाज झाला. तांदूळ सुपात सरकवल्यासारखा.

मोरी तुंबली असेल, त्यांना वाटलं. आरती पुरी करून त्या उठल्या. मोरी कोरडी होती. देवघराच्या फरशीवर मात्र, त्यांच्या पाटामागे, एक ओली रेघ होती, वाकडीतिकडी, झालरीसारखी. अलीकडे कोरडं, पलीकडे ओलं. तीर्थाचं भांडं कलंडलं असेल म्हणून सवयीनं त्यांनी बोट बुडवून डोळ्यांना लावलं, ओठांना लावलं.

खारट होतं.

"येते हं!" तृप्ती दारातून ओरडली आणि गेली.

शारदाबाई बोट ओठांशी धरून तशाच उभ्या राहिल्या. येते हं. पूर्वी पोर कशी म्हणायची? काकू, येते. काकू, डबा. काकू, माझी ओढणी कुठे आहे व काकू. दिवसभर घरात तो एक शब्द कबुतरासारखा घुमत असायचा. समुद्रावरून परत आल्यापासून तो त्यांनी एकदाही ऐकला नव्हता.

२

व्रत तृप्तीसाठीच होतं. आदल्या वर्षी पोरीच्या छातीत पाणी झालं, दवाखान्यात नळ्या लावल्या, डॉक्टर तोंडातल्या तोंडात बोलू लागले. तेव्हा शारदाबाईंनी दवाखान्याच्या जिन्यात बसून महादेवाला सांगितलं, पोर वाचू दे, सोळा सोमवार करीन. आणि उद्यापनाचा वाटा तापीमाय जिथे समुद्राला मिळते तिथे नेऊन सोडीन. असं बोलायला कोणी सांगितलं नव्हतं. तोंडातून निघालं. पण बोललेलं देवाचं होतं.

पोर वाचली. सोमवार झाले. मग तिघंही भुसावळला गाडी बदलून सुरतेला गेले आणि तिथून रिक्षानं किनाऱ्यावर.

समुद्र त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. काळी वाळू, मातकट पाणी, आणि आवाज, सगळीकडून एकच आवाज. सुधाकररावांचे गुडघे दुखत होते म्हणून ते वरच चहाच्या गाड्यावर बसले. काठीला लाल झेंडा लावलेला होता. त्याच्याशेजारी गळ्यात शिट्टी अडकवलेला, पिवळा बनियन घातलेला एक जण उभा होता. तो धावतच आला.

"बेन, लाल झंडा है. आज पानी में कोई नहीं जाएगा. पूनम की भरती है."

"भैया, नहाना नहीं है. पूजा का है. बस इतना छोड़ना है." शारदाबाईंनी ताटली दाखवली. चुरमा, नारळ, बेलाचं पान.

"मुझे दे दो, पानी उतरेगा तब मैं छोड़ दूँगा."

व्रताचा वाटा परक्याच्या हाती? त्या हसल्या. तृप्ती म्हणाली, "काकू, ऐका ना त्यांचं. आपण इथूनच ठेवू." शारदाबाई म्हणाल्या, "तू गप. व्रत तुझ्यासाठी आहे का त्यांच्यासाठी?"

त्या माणसानं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. अशा बायका त्यानं पाहिल्या असणार. मग लहान मुलांना सांगावं तसं हातवारे करत सांगू लागला. ही ओली रेघ दिसते ना, तिच्या वर राहायचं. भरती चढते आहे, रेघ वर सरकेल, तुम्हीही सरका. मागच्या खाडीतही पाणी भरतं, मग परतीची वाट बंद होते. लाट पाय ओढायला लागली तर तिच्याशी भांडायचं नाही, अंग सैल सोडून तरंगायचं, एक हात वर करायचा आणि हाक मारायची. "आवाज़ से ही आदमी बचता है, बेन." आणि शेवटी बोट नाचवून म्हणाला, "समंदर को पीठ मत देना. कभी नहीं."

तेवढ्यात पलीकडे काही पोरं पाण्यात शिरली. तो शिट्टी फुंकत तिकडे पळाला.

शारदाबाई तृप्तीचा हात धरून रेघेच्या खाली उतरल्या. इतक्या लांब येऊन रेघेवरच ताटली ठेवून जायचं, ती कुत्र्यांनी खायची? घोट्याएवढ्या पाण्यात त्यांनी वाटा सोडला, हात जोडले. मग सासूबाईंनी शिकवलं होतं तसं केलं. तापीच्या घाटावर आयुष्यभर केलं होतं तसंच. दिलं की वळायचं आणि चालू लागायचं. मागे पाहायचं नाही. पाहिलं तर दिलेलं देवाला पोचत नाही, आपल्याबरोबर घरी येतं.

"चल. मागं नको पाहू," त्या म्हणाल्या आणि समुद्राकडे पाठ करून निघाल्या.

मागून हाक आली. "काकू!"

ती त्यांना ऐकू आली. लाटांच्या आवाजातून, लख्ख, कानात बोलल्यासारखी. आणि त्यांच्या मनात काय आलं तेही त्यांना पक्कं आठवतं: वळले तर व्रत फुकट, आणि व्रत पोरीचंच आहे. पोरीसाठीच त्या वळल्या नाहीत. पुन्हा हाक आली. त्या चालत राहिल्या. काही पावलंच. मग शिट्ट्या, मग माणसं पळत सुटलेली, आणि मग त्या वळल्या. तेव्हा पाण्यावर नुसता एक हात होता, वर केलेला.

शिट्टीवाल्यानं तिला आणली. दोर आणि फुगवलेली ट्यूब घेऊन तो पाण्यात कसा गेला, केव्हा गेला, शारदाबाईंना सांगता येत नाही. पोर खोकत होती, नाकातोंडातून काळं पाणी येत होतं. पण जिवंत होती. तो वाळूवर गुडघे टेकून धापा टाकत होता. वर पाहून म्हणाला, "आवाज़ नहीं आई, बेन? कितना चिल्लाई लड़की."

सगळे त्यांच्याकडे पाहत होते. सुधाकरराव, चहावाला, तृप्तीसुद्धा.

"लाटांचा आवाज होता," शारदाबाई म्हणाल्या.

३

पुढच्या आठवड्यात जसोंडीहून थोरल्या जाऊबाई आल्या, तृप्तीची आई. भागाबाई. येताना केळ्यांची फणी घेऊन आल्या. दारातूनच त्यांनी शारदाबाईंना कवटाळलं.

"शारदा, बाई, तू नसती त माही पोर गेली असती व. दोनदा वाचवली तू तिले. दवाखान्यात एकदा अन् तिकडं एकदा. तुह्या सोमवारांनी वाचवली."

"मी काही नाही केलं बाई."

"असं म्हणू नको. हे म्हने ना, आपल्या घरात एक तरी पुण्यवान पाह्यजे. बाकी आम्ही काय, केळीच्या बागेत राबनारे ढोरं."

शेजारची निशा चहाला आली होती. ती जिभेची तिखटच. "पण काकी, मला सांगा, शंकराचे सोमवार केले आणि प्रसाद समुद्राला नेऊन दिला. शंकर म्हणाला असंल, ही बाई पत्ता चुकली." सगळ्या हसल्या. शारदाबाईही हसल्या. हसताना त्यांचे कान तापले. कोणी चोर म्हणावं तर चोराला बरं वाटेल. इथे पाटावर बसवून ओवाळत होते.

"तृप्ती, काकूच्या पाया पड," भागाबाईंनी फर्मान काढलं.

"आई, काय हे."

"पड म्हनते ना."

तृप्ती वाकली. तिच्या डोक्यावरचा भांग, त्यातली पांढरी रेघ, शारदाबाईंच्या डोळ्यासमोर होती. हात ठेवायला त्यांनी हात उचलला.

"काकू."

मागून. मोरीकडून. पोरीचाच आवाज, पण दमलेला, पाण्याच्या पातळीवरून आल्यासारखा.

शारदाबाईंचा हात तसाच अधांतरी राहिला. तृप्ती वाकलेलीच होती. तिचं तोंड जमिनीकडे होतं.

भागाबाईंनी कप खाली ठेवला. "बोल्ली का व काही?" त्यांनी लेकीला विचारलं.

"नाही तर," तृप्ती उठून उभी राहत म्हणाली.

शारदाबाईंनी मागे पाहिलं नाही. केळी मोजायच्या निमित्तानं त्या बैठकीतच बसून राहिल्या. सगळ्या गेल्यावर उठल्या, तर ओली रेघ देवघर ओलांडून बैठकीच्या उंबऱ्याशी आली होती.

४

रमेश प्लंबर आला. त्यानं मोरीची जाळी काढली, सळई घातली, नळाला कान लावला, फरशीवर हाताची मूठ आपटून पाहिली.

"काकी, इथून लाइनच नाही गेली. पाणी येऊन कुठून राहिलं?"

"तेच तर तुला विचारते."

"जमिनीतून असंल. बुऱ्हाणपुराच्या पोटात पाणीच पाणी आहे, जुने भुयारी कालवे आहेत."

"ते गोड आहे रे. हे चाखून बघ."

त्यानं चाखलं, थुंकला. "घाम पुसला काय फडक्याने?" असं काहीतरी पुटपुटून अवजारं गोळा केली. आपली मजुरीही न मागता निघाला, हे शारदाबाईंना आवडलं नाही.

सुधाकरराव निवृत्त होईपर्यंत शाळेत भूगोल शिकवत होते. त्यांना गंमत वाटली. "अगं, समुद्र इथे यायचा म्हणजे अख्खा खानदेश ओलांडावा लागेल. वाटेत धरणं आहेत. धुळे, जळगाव, सगळे गप्प बसतील का?"

"अहो, पण रोज थोडं उशिरा येतं."

"काय?"

"पाणी. काल माझी पूजा झाल्यावर आलं. आज भात लावताना आलं. उद्या जेवणाच्या वेळी येईल."

ते चष्मा काढून त्यांच्याकडे पाहत राहिले. भरती रोज थोडी उशिरा येते हे त्यांनीच वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलेलं असणार. पण ते म्हणाले, "तुझं मन तिथेच अडकलंय. घाबरलीस तू. पोर आली ना घरी?"

आली ना. शारदाबाई मान डोलावून आत गेल्या.

बुद्धी त्यांचीही शाबूत होती. त्या स्वतःला समजावत: थंडीची ओल. मिठाची बरणी फुटली असेल फडताळात. कानात वारं शिरलं असेल. समजावता समजावता हात मात्र वेगळंच करत होते. गव्हाचा डबा त्यांनी विटांवर ठेवला. देवाची पोथी वरच्या फळीवर गेली. तृप्तीचं अंथरूण त्यांनी खाटेवर घातलं. खालची सतरंजी गुंडाळून माळ्यावर टाकली. रेघेच्या वर राहायचं. रेघ सरकेल तसं सरकायचं. त्या माणसानं सांगितलेलं सगळं त्यांना आता अक्षरन्अक्षर आठवत होतं. तेव्हा ऐकलं असतं तर.

पाण्याची वेळ झाली की मात्र त्या पुन्हा देवासमोर जपाला बसत, तशाच, पूर्वेकडे तोंड करून. पाणी येताना काही वाजत नसे. जातानाच वाजे, तो सुपातल्या तांदळाचा आवाज. आणि तो संपता संपता, रोज, एकदा.

"काकू."

त्यांचे ओठ मंत्र म्हणत राहत. मान ताठ होई. लाज इतकी की ती मानेत दुखत असे. वळले तर काय दिसेल याचं भय होतंच. पण त्याहून मोठं भय असं की तिथे काहीच नसेल, नुसता वर केलेला एक हात असेल, आणि तो विचारील.

५

एका दुपारी तृप्ती कॉलेजातून लवकर आली. शारदाबाई मेथी निवडत होत्या. ती समोर येऊन बसली आणि काड्या वेगळ्या करू लागली.

"तो मोहित आहे ना आमच्या वर्गातला," ती सांगू लागली, "आज सुई बघूनच चक्कर येऊन पडला. मॅडम म्हणाल्या, बेटा तू पेशंट बन, वही ठीक रहेगा."

शारदाबाई हसल्या. पोर तीच होती. हसताना नाक मुरडायची ती सवय तीच, अंगठ्याच्या नखानं काडी तोडायची तीही. मग शारदाबाईंना राहवलं नाही.

"बेटा, एक सांगू? मला काकू म्हण ना एकदा."

"म्हणते ना मी."

"कधी म्हटलंस?"

तृप्तीनं हसून तोंड उघडलं. आणि तसंच ठेवलं. गळ्याची शीर हलली, ओठांनी आकार घेतला. आवाज आला नाही. तिनं पुन्हा म्हणून पाहिलं. कपाळावर आठी पडली. घरातली वस्तू रोजच्या जागी हात घातल्यावर न सापडावी, तसा चेहरा झाला तिचा.

"बाकी सगळं बोलता येतं," ती हळू म्हणाली. "तेवढंच येत नाही. मलाही कळलं होतं. वाटलं, जाईल." मग तिनं थट्टेनं खांदे उडवले. "तिथे इतक्यांदा ओरडले ना. संपलं वाटतं."

शारदाबाईंच्या हातात मेथीची जुडी होती. तिची पानं त्या काड्यांच्या ढिगात टाकत गेल्या.

"तुम्हाला ऐकू आलं होतं ना?" तृप्तीनं विचारलं.

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर सोपं झालं असतं. ती काड्यांकडे बघत होती, उत्तराला जागा करून देत. शारदाबाईंना वाटलं, आता सांगावं. हो बेटा, आलं होतं. दोन्ही वेळा आलं होतं. शब्द अगदी जिभेवर आले.

"लाटांचा आवाज होता ग," त्या म्हणाल्या.

"हो," तृप्ती म्हणाली. "मी पण सगळ्यांना तेच सांगते."

ती उठली, निवडलेली मेथी टोपलीत भरली आणि टोपली उचलून विटांवर ठेवली. रेघेच्या वर.

६

तापीमाय काही परकी नाही, शारदाबाईंनी ठरवलं. समुद्रापर्यंत जाणारी तीच. दिलेलं तिनेच नेलं, अडकलेलं तीच आणून देईल. आपण चूक कबूल करायची, आणि पोरीची हाक मागून घ्यायची. मग पोरीलाही सांगायचं, सगळं, पाय धरून. आधी नदीला, मग पोरीला. नदीला सांगणं त्यांना सोपं वाटत होतं.

सोमवारी उन्हं वर आल्यावर त्या दोघी इतवाऱ्याच्या बाजारातून नारळ घेऊन राजघाटावर गेल्या. थंडीतली तापी, निवळशंख, हलतही नव्हती. कोणी बाई पलीकडे कपडे आपटत होती. घाटाच्या पायऱ्यांवर पाण्याची ओली रेघ होती, रोजची. शारदाबाईंनी ती पाहून घेतली आणि तृप्तीला तिच्या बऱ्याच वर उभं केलं.

"इथेच राहा. मी वाटा सोडला की तू वळ आणि वर चालू लाग. काही झालं तरी मागे पाहू नकोस."

तृप्तीनं त्यांच्याकडे पाहिलं. "तीच पद्धत?"

"तीच," शारदाबाई म्हणाल्या. त्यांचा हिशेब साधा होता. पोर पाण्यापासून लांब जात राहील. पाण्याला पाठ द्यायची नाही ते आपण सांभाळू. जे येईल ते आपल्या समोरून येईल.

त्या खाली उतरल्या, घोटे बुडाले. चुरमा सोडला, नारळ सोडला. वर तृप्ती वळून चालू लागल्याचा चपलांचा आवाज आला. शारदाबाईंनी हात जोडले आणि पलीकडची बाई ऐकेल याची पर्वा न करता मोठ्यानं म्हणाल्या, "मला ऐकू आलं होतं. आई, मला ऐकू आलं होतं, आणि मी वळले नाही. माझ्या पोरीची हाक दे."

नारळ एकदा गोल फिरला आणि थांबला. काही झालं नाही. त्यांना इतकं हलकं वाटलं की हसू आलं. पाण्याकडे तोंड ठेवूनच त्या बुडालेल्या पायरीवरून एकेक पाऊल मागे सरकू लागल्या. लुगड्याचा काठ ओला, पायाखाली शेवाळ.

"काकू!"

मागून. वरून. कोरड्या पायऱ्यांवरून, उन्हातून, खणखणीत.

मिळाली! शारदाबाईंनी काही विचार केला नाही. या वेळी त्या वळल्या. पहिल्याच हाकेला.

तृप्ती पाठमोरी वर चढत होती. पिवळी ओढणी, लांब वेणी. सांगितल्याप्रमाणे जात होती, कुठे न थांबता. तिनं हाक मारलेली दिसत नव्हती. पायऱ्यांवर दुसरं कोणी नव्हतं.

तेवढ्यात शारदाबाईंच्या घोट्यांवरून पाणी निघून गेलं.

नदीचं पाणी असं जात नाही. ते खाली खाली सरकत चाललं होतं, आणि पायऱ्यांवरून सुपातले तांदूळ सरकल्यासारखा आवाज येत होता, आता एका सुपाचा नव्हे, शेकडो सुपांचा. पलीकडचं कपड्यांचं आपटणं थांबलं. पाठीवर गार वारं आलं, खारट. शारदाबाईंना न पाहताच कळलं की पायथ्याच्या त्या पायऱ्या उघड्या पडत आहेत ज्या कोणी कधी पाहिल्या नसतील, आणि पाणी इतकं मागे गेलं आहे ते पुन्हा येण्यासाठी.

पाठ त्यांची होती पाण्याकडे.

ओरडायला त्यांनी तोंड उघडलं. आणि मिटलं. पोर रेघेच्या बरीच वर होती, अजून वर जात होती. हाक मारली तर थांबेल. जाऊ दे. एवढं तरी आपल्याकडून होऊ दे. त्यांनी ओठ दातांखाली घट्ट धरले. तोंडात रक्ताची चव आली. त्यांना किती बरं वाटलं त्या क्षणी, ते सांगता येणार नाही; कितीतरी दिवसांनी त्यांना स्वतःकडे बघवत होतं.

आणि त्यांच्या पाठीमागून, पाणी जिथवर गेलं होतं तिथून, त्यांच्याच आवाजात कोणी हाक मारली.

"तृप्ती!"

मायेची, घाबरलेली, हुबेहूब.

शारदाबाईंनी दोन्ही हात वर केले. येऊ नको, वर जा, ती मी नाही. गळ्याची शीर फुगली, ओठांनी आकार घेतला. आवाज आला नाही.

वर पिवळी ओढणी गर्रकन फिरली. तृप्तीचा चेहरा दिसला, आणि तिच्या तोंडून तो शब्द निघाला, स्वच्छ, तिच्याच गळ्यातून. "काकू!" चपला पायऱ्यांवर टाकून ती धावत सुटली. खाली. ओल्या रेघेकडे.

हाक ऐकून वळायला तिला एक श्वासही लागला नव्हता.